खंडेनवमीचा कापूर

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी कॉलेजात नेमकं काय करत होते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. मी भट्टीत कार्बनच्या नळ्या वाढवायचे. केसाहून हजारो पटींनी बारीक. उद्याच्या संगणकातली वीज चालू-बंद करणारी बटणं त्यांची करायची, म्हणून त्या क्वार्ट्झच्या तुकड्यावर पेरणीच्या तासांसारख्या सरळ ओळींत याव्या लागतात. गुंता झाला की संपलं. सरळ आल्या तरी त्यांतल्या काही वीज अडवतच नाहीत, आणि त्या चार-दोन नळ्यांपायी बटण बंद होत नाही.

कुंभार पिंपळगावच्या स्वयंपाकघरात खंडेनवमीला तू विळ्या-खुरप्यांच्या रांगेत माझं फिजिक्सचं पुस्तक मांडायचीस. कुंकवाचा डाग पडला म्हणून मी चिडले, तर म्हणालीस, "डागानं इद्या पुसत न्हाई. गप पाया पड." मी पडले नाही. धपाटा बसला, मग हातावर गूळ-खोबरं आलं.

यंदा खंडेनवमीला मी प्रयोगशाळेत शिरते तर भट्टीला झेंडूचा हार, आणि समोर ताटलीत कापूर जळतोय. माझी शेवटची विद्यार्थिनी, वडीगोद्रीची, हसत म्हणाली, "मॅडम, रागावू नका. घरी ट्रॅक्टरची पूजा केली, मंग हिनंच काय पाप केलं?" चांगल्या क्वार्ट्झचा एकच तुकडा उरला होता, तो भट्टीच्या तोंडाशी उघडा होता. कापराची काजळी त्यावर बसली, ती आमच्या लक्षात आली नाही आणि तुकडा तसाच भट्टीत गेला. भट्टीतून काढला तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली न विंचरलेल्या केसांसारखा नळ्यांचा गुंता दिसत होता. पोरगी स्टुलावर बसून रडली. "या बारीला जमलं अस्तं, मॅडम. माझ्यामुळं गेलं." महिनाअखेर मी निवृत्त झाले. त्या खोलीत आता परीक्षेचे गठ्ठे ठेवतात.

माय, जमलं नसतं. आधीचे तुकडे स्वच्छ होते, नळ्या सरळ होत्या, तरी एकही बटण कधी पुरतं बंद झालं नाही. आणि या खेपेला माझ्याकडे नवीन काहीच नव्हतं. सुचायचं केव्हाच थांबलं होतं. आयुष्य त्यात घातलं आणि ते मला आलं नाही, एवढंच.

हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. त्या पोरीला मात्र एका वाक्यात सांगता येईल. तिचा फोन येतो, ती पुन्हा माफी मागते, आणि मी "असू दे" म्हणते. कापरानं घात केला असं कुणीतरी मानतंय, याचा मला आधार वाटतो. म्हणून अजून सांगितलेलं नाही.