सर्वांत जुना हयात विद्यार्थी

तीर्थरूप दादांना धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच, उरलेला मनातल्या मनात).

तुमची प्रकृती कशी आहे? पाय अजून सुजतात का? वहिनी सांगत होत्या की हल्ली तुम्ही सकाळी फिरायला जाता. जपून जावं. खरं तर जाऊच नये. या वयात चारचौघांत फार दिसणं बरं नव्हे. माझं म्हणाल तर भूक नाही, झोप नाही, आणि दाराची घंटा वाजली की छातीत धस्स होतं.

कारण आपली शाळा. तुम्ही तिथे मॅट्रिकपर्यंत टिकलात. मला बाबांनी सहावीतूनच उचलून दुकानात शिवणयंत्रावर बसवलं, आणि त्याआधीची निम्मी वर्षं मी वर्गाबाहेर, व्हरांड्यातल्या पाण्याच्या पिंपाशेजारी उभं राहून काढली. (गणित मला आजही त्या पिंपाच्या वासासकट आठवतं.) त्यानंतर शाळेनं कधी विचारलं नाही की बाबा रे, आहेस की गेलास. आता मात्र तिथे माजी विद्यार्थी संपर्क कक्ष निघालाय. काचेचं दार आहे, आत गारेगार हवा आहे, आणि तीन मुली दिवसभर फोनवरून जुनी पोरं शोधत असतात. पूर्वी गैरहजर पोराला धरून न्यायला शिपाई यायचा, तसंच. फक्त हा शिपाई गोड बोलतो.

त्यातल्या एकीनं मला गाठलं. म्हणाली, "आजोबा, तुम्ही आमच्या कुटुंबातलेच आहात." सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली की मग जेवायलाही तिकडेच जात जा. एक जूनला पहाटेच शाळेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. माझा जन्म ऐन थंडीतला, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण मास्तरांनी नाव घालताना सगळ्या पोरांना एकच तारीख ठोकून दिली होती. त्यामुळे शाळेच्या हिशेबी आपली अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मली.

मग कळलं की सर्वांत जुन्या हयात विद्यार्थ्याचा स्नेहसंमेलनात सत्कार होणार, आणि त्याचा फोटो सभागृहात कायमचा लागणार. तो विद्यार्थी मी. दादा, या घरात माझा एकही फोटो भिंतीवर नाही. चिरंजीव म्हणतात खिळ्यानं भिंत खराब होते. त्याच चिरंजिवांनी हे ऐकल्यावर मला नवे बूट आणले.

संमेलनात बसण्याची सोय दानाप्रमाणे होती. इमारत देणारे सोफ्यावर, प्रयोगशाळा देणारे गादीच्या खुर्चीवर, पंखे देणारे पंख्याखाली. पंखा देणाऱ्याचं नाव पात्यावर रंगवलंय, म्हणजे पंखा बंद पडला तरच दाता वाचता येतो. मुख्याध्यापकांच्या कोटाचा डावा खांदा उतरलेला होता (माझ्या दुकानातून असला कोट बाहेर पडला नसता). त्या खांद्यानिशी ते म्हणाले की या शाळेनंच मला घडवलं. मी पिंपाकडे पाहिलं. त्याच्या जागी आता थंड पाण्याचं यंत्र आहे. चिटणीसांनी हळूच कानाशी येऊन सांगितलं की मुलांचं स्वच्छतागृह अजून कुणाच्या नावावर नाही, माझी इच्छा असेल तर शाळा त्याला माझं नाव द्यायला तयार आहे. मी म्हटलं, घरी विचारतो.

शेवटी दिवंगत विद्यार्थ्यांचे फोटो पडद्यावर दाखवून सगळे स्तब्ध उभे राहिले. माझी मान सगळ्यांत खाली होती. इतकी की मागच्या बाईंनी घाबरून पाणी आणलं. तेव्हापासून मी रोज सभागृहात फोटो लागण्याची वाट बघतोय आणि काळजीनं वाळतोय.

वहिनींना नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

तुमचा,
धाकटा

ता. क. काळजीचं कारण लिहायचं राहिलं. त्या मुलीनं विचारलं होतं, घरातलं आणखी कुणी शाळेत होतं का. मी तुमचं नाव सांगितलं. ती खूश होऊन म्हणाली, "मोठे भाऊ? मग मान त्यांचा. आहेत ना ते?" दादा, नवे बूट समोरच ठेवलेले होते. मी म्हणालो, "नाहीत." तिला फार वाईट वाटलं. तिनं तुमचा फोटोही मागून घेतला. संमेलनात पडद्यावर शेवटचे तुम्हीच होता, आणि छान दिसत होता. आता शाळेकडून वहिनींना सांत्वनाचा फोन येईल. तो कृपा करून तुम्ही उचलू नका.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी शाळेत जाऊन आलो. फोटो लागले. चिटणीस म्हणाले, सभागृहात फक्त दिवंगत. हयात माणसांचा भरवसा नसतो, त्यांचे फोटो सारखे बदलावे लागतात. तुम्ही व्यासपीठाच्या वर आहात, डोक्यावर पंखा, बाजूला दिवा. मला व्हरांड्यात लावलंय, पाण्याच्या यंत्राशेजारी. जागा बरोबर तीच. तेव्हा फोन आला की तुम्हीच उचला, ठणठणीत आहे म्हणून सांगा आणि तुमचा मान तुम्ही घ्या. धाकट्याबद्दल विचारलं, तर एक हुंदका देऊन फोन ठेवून द्या.