रोज एक उपकार

५ नोव्हें. १९५६, सोमवार
चर्चच्या पाळकीणबाईंनी मंडळीतल्या सगळ्या बायकांना एकेक वही दिली. रोज देवाचा एक उपकार लिहायचा. उपकारस्तुतीच्या रविवारी त्यातला एक चर्चमध्ये उभं राहून सांगायचा. आजचा: ह्यांचा खोकला थांबला. सोपं आहे की.

७ नोव्हें., बुधवार
हेडमास्तरांनी बोलावलं. "बाई, नागपूर उधर मराठीवालों में गया, आपण इकडे राहिलो. नये राज्य में अब सब हिंदी. तुमचा मराठी वर्ग महिनाअखेर बंद." मी हिंदीची परीक्षा द्यायची, नाहीतर बदली दूर चांदनी गावाला. सिंधीपुऱ्यात दारोदार फिरून, आयांच्या हातापाया पडून एकेक मुलगी आणली होती मी!
उपकार: नाही.

१० नोव्हें., शनिवार
माझ्या वर्गातल्या फुलाची आई बाजारात भेटली. "बाई, आता माही पोर कुठं बसीन?" हिंदी वर्गात, म्हटलं. चार दिवस बसेल, मग घरी भाकऱ्या थापेल. मला ठाऊक आहे. तिलाही.

१४ नोव्हें., बुधवार
पाळकीणबाई वह्या बघायला आल्या. माझ्या उपकारांच्या वहीत पहिल्या दिवसानंतर कोरी पानं. "संकटातही आभार मानावेत, बाई. नोकरी तर राहिली ना?" डोकंच फिरलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्या गेल्यावर हे म्हणाले, "लिही काहीतरी नि मोकळी हो." देवाला खोटं लिहून देऊ? तो काय शाळा तपासायला येणारा साहेब आहे?

२५ नोव्हें., रविवार. उपकारस्तुती
वेदीपुढे जसोंडीच्या केळीचे घड, ज्वारीची कणसं, कापूस. एकेक जण उठून पीक, नातू, बढती सांगत होता. माझी पाळी. उठले.
"माझ्या मुलींचा वर्ग मोडला. मी देवावर रागावले आहे. आज आभार मानायला जीभ वळत नाही."
बसले. पाळकसाहेब गीतांचं पुस्तक चाळत राहिले. ह्यांनी मान खाली घातली.
मागच्या बाकावर म्हाताऱ्या मार्थाबाई. तीन लेकरं पुरलीत त्यांनी, तरी दरवर्षी उठून "देवाची कृपा" एवढंच म्हणतात. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "आमेन!"

२६ नोव्हें., सोमवार
उपकार: मार्थाबाईंचं आमेन.
राग आहे तसाच आहे. वर्गातला फळा आजच काढून नेला, महिना संपायची वाटसुद्धा पाहिली नाही. फुला आली नव्हती. उद्या शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाते. तिच्या आईला काय सांगणार, अजून ठरलं नाही.