पिंपळखेडा नावाची तीन पानं

३ मे २००८, सकाळ
मराठी विकिपीडियावर पिंपळखेडा नावाची तीन पानं. वाचकाने ओळखायचं कसं? तीस वर्षं भूगोल शिकवला, हे काम माझंच. ठराव: जेवणाआधी तिन्ही गावांना वेगवेगळी शीर्षकं. २५ तारखेला विकीवर देखरेख करणाऱ्या प्रचालकपदासाठी माझ्या नावावर सदस्यांचा कौल आहे. काम चोख हवं.

३ मे, दुपार
बायकोने, कुंदाने, भरली वांगी केली होती. डोळे मिटू लागले. शीर्षकं उद्या.

५ मे
शफीकच्या सायबर कॅफेत बसून एक मार्गी लावलं: पिंपळखेडा (अकोला जिल्हा). उरलेली दोन्ही अचलपूर तालुक्यात! नकाशात टिंब एकच. म्हणजे कुणीतरी एकच गाव दोनदा लिहिलंय. दोन्ही पानं एकत्र केली. बारा मिनिटं लागली. शफीक मागून म्हणाला, सर, ते दोन गावं हायेत, एक नहराचं, एक दर्ग्याचं, दर्ग्याच्यात माही मावशी राह्यते. मी म्हटलं, कालवा असो की दर्गा, नकाशात दाखव.

९ मे
पुण्याच्या एका संस्थेत निधी नावाच्या बाई आहेत, त्यांची ईमेल. दहा गावांच्या विहिरी खोल करून देणार. पिंपळखेड्याचा अर्ज आलाय, पण तुमच्या पानावर तिथे कालवा दिसतो, गाव नेमकं कोणतं? यादी २४ला पक्की. लोक मला विचारू लागले! कळवलं: अचलपूर तालुक्यात पिंपळखेडा एकच, कालवा आहे.

१४ मे
शफीकची मावशी बिस्मिल्लाबी एसटीने कॅफेत हजर. संस्थेने गावाचं नाव कापलं म्हणे. बाबू, नहर त्याइच्या गावाले, आमच्याकडे टँकर येते, तोबी तिसऱ्या रोजी. रेशनकार्ड दाखवलं. शांतपणे समजावलं की विकीला छापील पुस्तकाचा संदर्भ लागतो. म्हणाली, मले वाचता येत नाही, पन पानी मलेच भरा लागते. बाई भावनिक आहे.

१८ मे
ठरवलं, स्वतः जाऊन पाहतो. टोपी, कांदा, पाण्याची बाटली. अचलपूरला उतरून पुढच्या गाडीत बसलो. कंडक्टरने विचारलं, कोनतं पिंपळखेडा, नहराचं का दर्ग्याचं?
उतरलो. घरी आलो. ऊन फार होतं. शिवाय कंडक्टर म्हणजे काही पुरावा नव्हे.

२१ मे
झोप नाही. चूक माझी आहे असं म्हणता येणार नाही. नकाशाची आहे. पण पानं पुन्हा वेगळी केली तर पानाच्या बदलांच्या इतिहासात माझं नाव दिसणार, आणि कौल चार दिवसांवर. आपल्या हाताने पायावर धोंडा कशाला? कुंदाला सांगितलं. ती म्हणाली, तुमाले कोनी निवडून देल्लं तं गावाले पानी येते का? बायकांना प्रक्रिया कळत नाही.

२३ मे
निधीबाईंना पत्र टाइप केलं. पाठवलं नाही. याद्या कुठे वेळेवर निघतात? शफीक स्क्रीनकडे पाहत होता.

२५ मे
पाच अनुकूल, प्रतिकूल शून्य. प्रचालक झालो! लगेच पहिला निर्णय: दोन्ही पानं वेगळी. पिंपळखेडा (कालवा) आणि पिंपळखेडा (दर्गा). निधीबाईंना सविस्तर पत्र पाठवलं. किती सुटसुटीत झालं.

२७ मे
निधीबाईंचं उत्तर. यादी ठरल्याप्रमाणे २४लाच पक्की झाली. दहावी विहीर दुसऱ्या गावाला गेली, खोदणं सुरू आहे. आधी कळवलं असतं तर. पुढच्या वर्षी पाहू.
शफीकने मावशीला फोन लावून माझ्या हातात दिला. तिने विचारलं, आमच्या गावाचं नाव आता अलग लिवलं का? हो म्हणालो. मंग त्याच्याखाली लिवा, पानी नाही.
लिहिलं.
शफीकने पंखा बंद केला. म्हणाला, सर, दुकान बंद करतो. सकाळचे अकरा वाजले होते.