गुलाबाच्या वासाची कॉफी

तात्सुरो,

कॉफी गाळायचं फडकं तू गुलाबाच्या साबणाने धुतलंस, बाल्कनीत तुझ्या मोज्यांशेजारी वाळवलंस आणि गुपचूप परत बरणीत ठेवलंस. चिमट्याचा ठसा अजून आहे त्यावर. शी. चाळीस वर्षं आपल्या घराखाली बाबांचं कॉफीचं दुकान होतं. ते फडकं नुसत्या पाण्याने धुऊन, पाण्यातच बुडवून फ्रिजमध्ये ठेवतात, एवढंही तुला ठाऊक नसावं?

सकाळी मी बाबांसाठी काळ्याभोर भाजलेल्या बियांची कॉफी केली, थेंबाथेंबाने पाणी सोडत. त्यांना कप दिला, स्वतः एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावले. अजून गुलाबाचे ढेकर येताहेत.

बाबा मात्र अख्खा कप प्यायले. "छान झालीय गं, मिसाओ," म्हणाले. बिघडलेली कॉफी गिऱ्हाइकासमोर ओतून टाकणारा हा माणूस. आजारपणात त्यांच्या जिभेची चवच गेली, की त्यांनी माझं मन राखलं, कळेना. त्या 'छान'ची मला साबणाहून जास्त किळस आली.

मी कामावर जातेय. नवं फडकं ओट्यावर आहे. आधी कॉफीच्या चोथ्यासोबत उकळून घे, म्हणजे कोऱ्या कापडाचा वास जाईल. दुपारची कॉफी तू कर. तू घाई करशील आणि ती कडूजहर होईल, माहीत आहे मला. होऊ दे. साखर घालून सावरू नकोस.

तोंड वाकडं करून त्यांनी तुला गाढव म्हटलं, तर मला लगेच फोन कर.

ताई