उड्डाणाआधी बसलेला घसा

ता. ३
चि. भिंगरी हिस आईचे अनेक आशीर्वाद.

घसा पुरता बसलाय. फोनवर नुसती हवा येईल, म्हणून पत्र. काल तुझ्या निरोपाला आले आणि तुमच्या विलगीकरणाच्या फाटकातूनच परतले. परिचारिकेने खोकला आहे का विचारलं, तेव्हा तोंडात खोकल्याचीच गोळी होती. नाही म्हटलं असतं तर आत सोडलं असतं. एकदा कवटाळलं असतं, तू शिंकली असतीस आणि अंतराळयानात तुझ्या जागी दुसरंच कुणी बसलं असतं. हे सुचलं, बाई, आणि क्षणभर गोडही वाटलं! मुलींचे पाय ओढू नका म्हणून जन्मभर सभा गाजवल्या आणि फाटकात उभी राहून नेमके तुझेच पाय धरणार होते. खोकला आहे म्हणून सांगितलं आणि मागे फिरले.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो कमी करू नकोस.
तुझी आई

ता. ५
ती. आईस सा. न. वि. वि.

तुला पाठ फिरवताना मी वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. वाटलं, आईची भाषणं दुसऱ्यांच्या मुलींसाठी होती. आज पत्र वाचून इतकी हसले, की आमचा कप्तान डॉक्टरांना बोलवायला निघाला. त्याचे वडील रोज विचारतात म्हणे, पाऊस आला तर उड्डाण रद्द होईल ना! मलाही भीती वाटते, आई. तुझ्याखेरीज कुणाला सांगू?

उद्या काचेपलीकडून भेटता येईल. घसा बसलाय तोवर ये. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला मिळेल.

लोभ काचेतूनही पोचतो, भरपूर घेऊन ये.
तुझी भिंगरी

ता. ७
चि. भिंगरीस आशीर्वाद.

काय बोललीस गं! मला मेलीला एक शब्द मधे घालता आला नाही. शेवटी विचारलंस, जाऊ का म्हणून. नाही म्हणायला आवाज लागत नाही, नुसती मान आडवी हलवली तरी पुरते. पण मान आपसूक खालीवर झाली आणि छातीवरचा धोंडा उतरला. बाहेर कप्तानाचे वडील बाकावर बसून ढग शोधत होते. त्यांना खुणेनेच सांगितलं, आभाळ स्वच्छ आहे.

आज आवाज फुटलाय. उद्या यान उडालं की गच्चीवरून अशी ओरडेन, सबंध गल्ली ऐकेल. तुझी भीती माझ्याकडे ठेवून जा. माझीही आहेच, दोन्ही सांभाळते.

पोचलीस की कळव.
तुझी आई