यशोधराच्या पळण्याची नोंद

२ नोव्हेंबर २००३, रविवार
आजपासून शिस्तीने लिहिणार. लेक यशोधरा लष्करात कॅप्टन, बापाने ढिलं राहून चालत नाही. नात कल्याणी तीन महिन्यांची. पुढच्या महिन्यात यशोधराची पळण्याची टेस्ट आहे. पास झाली तर पुण्यात दोन वर्षांचा कोर्स. मग दर रविवारी नात इथे खोडदला, माझ्याकडे.

३ नोव्हेंबर
गावाबाहेरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या फाटकापर्यंत पळून परत आली. डॉक्टरांची परवानगी आहे म्हणते. हे अंतर टेस्टला चौदा मिनिटांत हवं. शेजारची साळुबाई ओट्यावरून ओरडली, काय गं, मागं बिबट्या लागलाय का? बाळंतिणीनं पळायचं असतं व्हय? यशोधरा म्हणाली, मावशी, तुमीबी चला, गुडघे मोकळे व्हतील.

६ नोव्हेंबर
तिच्या घड्याळाचा सेल संपला. नारायणगावहून आणतो म्हणालो. तोवर मीच कोच.

९ नोव्हेंबर
सेल राहिला. दुकान बंद असावं.

१२ नोव्हेंबर, सकाळी ७
आल्यावर पोट धरून बसली. म्हणाली, काही नाही आबा, दमले. तिची आई पारूही असंच म्हणाली होती. यशोधरा वीस दिवसांची होती तेव्हा. कांदा लावायला पारूला मीच रानात पाठवलं. संध्याकाळी बाजेवर पडली ती उठलीच नाही.
आज पंधरा मिनिटं लागली. मी तेरा सांगितली. एवढं ऐकल्यावर माणूस जरा बसतं.

१३ नोव्हेंबर
नक्की तेरा का, विचारत होती. म्हणालो, कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ आहे, चुकत नाही. दिवसभर बसली. डिंकाचे दोन लाडू खाल्ले. योजना यशस्वी.

२० नोव्हेंबर
आता एक दिवसाआड पळते. साडेबारा सांगितली.

३० नोव्हेंबर
मायलेकी गेल्या. एसटीत चढताना म्हणाली, आबा, टेन्शन नाही, पुण्यातच भेटू. पाळणा सोडणार नाही, परत बांधायला त्रास.

१० डिसेंबर
साळुबाईकडे फोन आला. एका मिनिटाने राहिली. पुण्याची जागा दुसऱ्याला गेली. आता दोन वर्षं आसाम. मागून कल्याणीचा आवाज येत होता. यशोधरा म्हणाली, आबा, तुमचं घड्याळ मागं पडतंय, दुरुस्त करून घ्या. मी हो म्हणालो. जुनं झालंय.

११ डिसेंबर
नारायणगाव. घड्याळवाल्याने उघडलं, बराच वेळ बघितलं. म्हणाला, बाबा, ह्याला काय बी झालं नाय. म्हटलं, नीट बघ ना राव, काहीतरी असेल. त्याने बंद करून हातात दिलं.
येताना सेल घेतला.