वाढत्या अंगाची रॅकेट

सोमवार, सांजच्याला. रिहे.

फ्रॉक वाढत्या अंगाचा घ्यावा, रॅकेटची मूठ कुटं तशी घेतात व्हय? पर माझ्या लेकानं, दिगंबरनं घेतली. "चार वर्षं पुरेल" म्हणं. काल नात कासारसाईला खेळून हितं आली ती मनगट धरूनच. म्हणाली, "आज्जी, मी रॅकेटची मूठ आवळते, तू मध्ये बोट घाल. सर म्हणतात, एकच मावलं पाहिजे." तिच्या बोटांच्या आन तळव्याच्या मधी माझी दोन गेली. आन माझी काय बारीक हायेत! बारीक मूठ पट्टी गुंडाळून जाड करता येती, जाडीची बारीक कशी करायची?

लेकाला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, "मग खेळच बंद करू."

झालं. खेळ हाय म्हणून पोरगी दर रविवारी माझ्याकडं जेवती. खेळ गेला की ह्या घरात मी आन टीव्ही. मनगटाची काळजी हायेच, पर खरं म्हंजे मला रविवारची जास्त हाय. दोन बोटं मावत्यात, दोन!

उद्या परत फोन करणार. सूनबाईनं उचलून "ते मीटिंगमध्ये आहेत" सांगायचं न्हाई. दिगंबरनंच उचलायचा, आन रॅकेट कवा बदलतोय ते बोलायचं.